राणी मुंगी पाठीवरून ओळखा

मिरगाची पहिली दमदार सर येऊन गेली, की आपल्या निर्मल, भैंसा, मुधोळ, बासर भागातल्या घरांत संध्याकाळी एकच घाई उडते. दिवे मालवा, खिडक्या लावा. ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. जेवत्या ताटात पंख पडतात. सकाळी ओट्यावर पंखांचा खच असतो. केरसुणी घ्यायची आणि सगळं लोटून द्यायचं, एवढाच आजवर आपला त्यांच्याशी संबंध होता.

आता घरातली मुलं केरसुणी धरणारा हात अडवतात. "थांबा, त्यात राणी असेल!" मुंग्या पाळायचा छंद मोबाइलवरून आपल्या गावांतही आला आहे. काचेच्या नळीत एक राणी ठेवायची. ती अंडी घालते, पिल्लं वाढवते, आणि हळूहळू डोळ्यांसमोर एक वसाहत उभी राहते. आईवडिलांना कळत नाही की याला हो म्हणावं की रागवावं.

माझं ऐकाल तर हो म्हणा. छंद स्वस्त आहे, आवाज नाही, घाण नाही. मुंग्यांना साखर-पीठ घालणारी माणसं आहोत आपण. एका राणीला कपाटात चार बोटं जागा द्यायला काय हरकत आहे? मात्र दोन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या. राणी नीट ओळखता आली पाहिजे. आणि राणीसाठी कुणाचंही वारूळ खणायचं नाही.

ओळखण्यावर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. पुष्कळ मुलं वीस-पंचवीस मुंग्या बरणीत भरतात, साखर टाकतात आणि वसाहत वाढायची वाट बघतात. ती वाढत नाही. त्या सगळ्या कामकरी माद्या असतात आणि त्यांच्यापासून नव्या कामकरी मुंग्या होत नाहीत. काही आठवड्यांत बरणी रिकामी होते. मूल हिरमुसतं, आणि मुंग्या फुकट जातात.

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. म्हण अर्धी खरी आहे. पंख फुटलेल्यांत नर असतात आणि कोवळ्या राण्याही असतात. हवेतच किंवा जमिनीवर टेकल्यावर त्यांचं मीलन होतं. नर त्यानंतर फार जगत नाहीत. राण्यांतल्याही बहुतेक जणी पाखरांच्या, पालींच्या, बेडकांच्या पोटात जातात. पण जी वाचते तिचं आयुष्य तिथून पुढे सुरू होतं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. त्या एका मीलनातला साठा राणीला जन्मभर पुरतो. पुन्हा नराची गरज पडत नाही.

आता ओळखीकडे वळू. पहिलं काम वाळवी वेगळी काढायचं. दिव्याखाली पडणाऱ्या किड्यांत बरेचदा वाळवीच जास्त असते, आणि लोक तिलाच पंखवाली मुंगी समजतात. एक किडा वाटीत घ्या आणि त्याची कंबर बघा. मुंगीची कंबर अगदी बारीक असते, पोट आणि छाती स्पष्ट वेगळी दिसतात. वाळवीला कंबर नसतेच, सगळं अंग एकसारखं. वाळवीचे चारही पंख एका लांबीचे आणि तिच्या अंगापेक्षा बरेच लांब. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीच्या मिशा सरळ, मुंगीच्या मिशा कोपरातून वाकलेल्या. ओट्यावर पंखांचा जो खच पडतो तो बहुतेक वाळवीचा. वाळवी निघाली तर ती घरात कशाला ठेवता? दाराच्या चौकटी तेवढ्या तपासून घ्या.

यानंतर नर बाजूला काढा. नर अंगाने सडपातळ, डोकं लहान, त्या मानाने डोळे मोठे. जबडा नावापुरता. हातावर घेतला तर धडपडतो, गोंधळल्यासारखा फिरतो. त्याच जातीची राणी त्याच्यापेक्षा ठसठशीत असते. डोकं मोठं, जबडे भक्कम, पोट भरीव.

इथे एका पाहुण्यापासून सावध राहा. पावसाळ्यात दिव्यावर कधीकधी तपकिरी, केसाळ, लांबुडक्या पोटाचा एक मोठा किडा धाडकन येऊन आदळतो. मुलं ओरडतात, "केवढी मोठी राणी!" ती राणी नसते. डोरायलस नावाच्या जमिनीखाली फिरणाऱ्या मुंग्यांचा तो नर. त्याची राणी आंधळी असते, तिला पंख नसतात आणि ती कधी दिव्यावर येत नाही. त्याला उचलून बाहेर सोडा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पंख नसलेल्या मुंगीच्या बाबतीत. आपल्याकडचा मोठा काळा मुंगळा तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी त्याला डोंगळा म्हणतं. कडुनिंबाच्या बुंध्यावर, गुळाच्या ढेपेवर, रात्री मोरीच्या कडेला दिसतो तोच. शास्त्रातलं त्याचं नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. या मुंगळ्यांत कामकरी लहान-मोठ्या असतात. मोठ्या कामकरीचं डोकं भलतंच मोठं असतं. तिला बघून दहांतली नऊ माणसं राणी म्हणतील, आणि दहाही जण चुकतील, कारण उरलेला एक तिला नर म्हणेल.

म्हणून आकार बघू नका. पाठ बघा.

कामकरी मुंगीची पाठ, म्हणजे डोकं आणि पोट यांच्यामधला भाग, अरुंद असते. बाजूने पाहिलं तर तिची रेघ एकसंध, गुळगुळीत वळण घेत जाते. डोकं मोठं आणि मागे हा भाग चिंचोळा, असं दिसलं की ती कामकरी. राणीचा हाच भाग जाड आणि रुंद असतो. हमालाने पाठीवर पोतं घेतल्यासारखी ती दिसते. कारण साधं आहे. उडण्याचे स्नायू तिथेच असतात. पंख गेले तरी तो जाडपणा जात नाही. पाठीवर वेगवेगळ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधल्या शिवणी दिसतात.

मग पंखांच्या जागा शोधा. पाठीच्या दोन्ही बाजूंना, जिथे पंख होते तिथे, लहानशा खाचा किंवा तुटक्या कडा राहतात. राणी आपले पंख स्वतःच मोडून टाकते. पाय मागे नेऊन पंखांवर दाब देते आणि ते मुळाशी तुटतात. दोन-तीन पंख गेले आणि एक लटकतो आहे, अशीही राणी कधी सापडते. तो ओढू नका. तिचं ती बघेल.

तिसरी खूण कपाळावर. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे, जरा वर, तीन बारीक ठिपके असतात. ते तिचे साधे डोळे. मुंगळ्यांच्या कामकरींना ते सहसा नसतात. नुसत्या डोळ्यांनी ते दिसणार नाहीत. मोबाइलचा कॅमेरा उघडा, चित्र मोठं करा, बाजूने बॅटरीचा उजेड धरा आणि फोटो काढा. मग फोटो सावकाश बघा. मुंगी पळते, फोटो पळत नाही.

पोटावर विसंबू नका. राणीचं पोट मोठं असतं हे खरं. पण गुळावर ताव मारून आलेल्या कामकरीचंही पोट फुगतं, इतकं की पोटावरच्या पट्ट्या ताणून मधली कातडी दिसते. पोटावरून ठरवाल तर फसाल.

आणखी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. ही एकटी आहे की रांगेत आहे? मीलन झालेली राणी पाऊस पडून गेल्यावर एकटीच भटकते. भिंतीच्या कडेने चालते, फटीत शिरते, बाहेर येते, पुन्हा पुढे. तिला लपायला जागा हवी असते. मोठी कामकरी बहुधा आपल्या माणसांत असते, येणं-जाणं चालू असतं. मोठ्या मुंगळ्यांची राणी दीड सेंटिमीटरहून लांब भरते. लहान जातींच्या राण्या मात्र जेमतेम काही मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे लांबीचा हिशेब एका जातीपुरताच धरा.

मुंगीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जिवांचंही सांगून ठेवतो. आठ पाय मोजले गेले तर तो मुंगीची नक्कल करणारा कोळी आहे. पावसाळ्यात मातीत दिसणारा लालभडक मखमली किडा, ज्याला तेलुगू शेजारी आरुद्र पुरुगु म्हणतात आणि आपण मृगाचा किडा, तो गरीब आहे. पण अंगावर दाट केस असलेली, लाल-काळी, बिनपंखी, घाईने धावणारी "मुंगी" दिसली तर हात लावू नका. ती गांधीलमाशीच्या नात्यातली मादी असते आणि तिची नांगी फार झोंबते.

काही मुंग्यांत राणी शोधणं व्यर्थ असतं. डायकामा नावाची, अंगावर बारीक रेघा असलेली राखाडी-काळी मुंगी आपल्या दख्खनच्या पठारावर दिसते. तिच्यात वेगळी राणी जन्मालाच येत नाही. कामकरींतली एकच मुंगी अंडी घालायचा मान राखते. बाहेरून ती इतरांसारखीच. तिच्यामागे लागून उपयोग नाही.

जातीचं अचूक नाव हवंच असा हट्ट धरू नका. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत. मुंबई प्रांतातले वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या मुंग्यांवर लांबलचक लेख लिहिला. १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतातल्या मुंग्यांवरचा जाडजूड ग्रंथ आला. त्यानंतरही सूक्ष्मदर्शक लावल्याशिवाय कित्येक जाती वेगळ्या काढता येत नाहीत. तुमच्या नळीवर "काळा मुंगळा" एवढं लिहिलं तरी छंदाचं काही अडत नाही. हां, तारीख आणि जागा मात्र जरूर लिहा. आठवणीवर सोडाल तर दिवाळीपर्यंत विसराल.

आता कोणती राणी घरात आणायची आणि कोणती नाही, हे ऐका. मुंगळ्याची राणी नवख्यासाठी बरी. अंगाने मोठी, दिसायला सोपी, आणि पिल्लं येईपर्यंत तिला खाऊ घालावं लागत नाही. मुंगळा चावतो, पण त्याला नांगी नाही.

तांबूस रंगाच्या, डसल्यावर आग होऊन फोड येणाऱ्या बारीक मुंग्या मुलांच्या घरात ठेवू नका. झाडावरची, डोकं-पोट काळं आणि मधला भाग तांबडा असलेली लांबट मुंगी तर त्याहून वाईट. तिचा डंख मोठ्या माणसालाही रडवतो. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची राणी हिरवट, देखणी असते. मोह होतो. पण त्यांचं अख्खं घरदार झाडावर असतं, नळीत त्यांचा जीव रमत नाही. साखरेच्या डब्यातल्या पिवळसर बारीक मुंग्याही नकोत. त्यांच्या वसाहतीत राण्या अनेक असतात. निसटल्या तर स्विचबोर्डापासून पिठाच्या डब्यापर्यंत पसरतात, आणि औषध फवारलं की वसाहत फुटून चार ठिकाणी होते.

राणी शोधायला कुठे जायचं? लांब नाही. वळवाची किंवा मिरगाची सर पडून गेली, वारा पडला, हवा कुंद झाली, की त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपलंच अंगण, ओटा, गच्ची, कुंपणाची भिंत बघा. दिव्याखालची सिमेंटची जागा उत्तम.

मुलांना रात्री एकटं सोडू नका. पाऊस पडला की साप-विंचू बाहेर येतात. पायात बूट, हातात बॅटरी. ओल्या विजेच्या खांबाला टेकायचं नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या ढाब्यांच्या दिव्यांखाली खूप किडे पडतात, म्हणून कुणी तिथे जाऊ नये. मुंगीसाठी ट्रकखाली जायचं नाही.

आणि कव्वालच्या जंगलातून काही आणायचं नाही. १९६५ पासून ते अभयारण्य आहे, २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथला जीव उचलणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही लहान असो. वनरक्षकापुढे "साहेब, मुंगीच तर आहे" हे चालणार नाही.

राणी दिसली की चिमट्याने धरू नका. पाय तुटतो. नळीचं तोंड तिच्यापुढे धरा आणि मागून कागदाचा कपटा हलकेच सरकवा. ती स्वतःच अंधाऱ्या भोकात शिरते. एकच घ्या. फार तर दोन, आणि दोन वेगळ्या नळ्यांत. दोन मुंगळ्यांच्या राण्या एका नळीत घातल्या की शेवटी एक उरते.

नळी अशी तयार करा. शाळेत असते तशी काचेची परीक्षानळी घ्या. मिळाली नाही तर होमिओपॅथीच्या औषधाची लांबट रिकामी बाटली गरम पाण्याने नीट धुऊन, वास जाईपर्यंत वाळवून घ्या. तळाला एक तृतीयांश उकळून गार केलेलं पाणी भरा. त्यावर कापसाचा घट्ट बोळा दाबत न्या, पाण्याला टेकेपर्यंत. बोळा ओला होईल, पण पाणी सुटता कामा नये. नळी उलटी करून बघा. थेंब पडला तर कापूस वाढवा. राणी आत गेली की तोंडाशी दुसरा, कोरडा बोळा लावा. त्यातून हवा जाते. प्लास्टिकचं बूच लावू नका.

राणी घालायच्या आधी नळी आडवी ठेवून रात्रभर बघा. हे काम लोक टाळतात आणि मग राणी बुडते.

मग नळी लाल किंवा काळ्या कागदात गुंडाळा आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. जिथे दार आपटत नाही, जिथे गिरणी, मिक्सर, शिलाई मशीन यांचा हादरा पोचत नाही. कापूर, डांबरगोळ्या, अगरबत्ती, डासांची कॉइल, फिनेल यांच्या जवळ नको. निर्मलमध्ये लाकडी खेळण्यांचं आणि चित्रांचं रंगकाम घरोघर चालणारे मोहल्ले आहेत. तुमच्याही घरी ते चालत असेल तर नळी त्या खोलीत ठेवू नका. रंगाचा आणि थिनरचा वास माणसाला सोसतो, बंद नळीतल्या मुंगीला नाही. घरात लक्ष्मणरेषेचा खडू वापरला असेल तर ते हात साबणाने धुतल्याशिवाय नळी धरू नका.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड आहे. काहीही करायचं नाही.

मुलं दिवसातून दहा वेळा नळी काढून बघतात. प्रत्येक वेळी राणी घाबरते, आणि घाबरलेली राणी आपलीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा, मिनिटभर, एवढंच बघायचं. वार ठरवून घ्या. बाकी दिवशी कपाट बंद. खायला काही घालायचं नाही. मुंगळ्याची राणी आपल्या पोटातल्या साठ्यावर आणि नकोशा झालेल्या पंखांच्या स्नायूंवर पहिली पिल्लं वाढवते. तिला उपाशी ठेवतो असं वाटून आजी साखरेचा दाणा आत टाकते. त्या दाण्यावर बुरशी धरते. आजींना आधीच समजावून ठेवा.

अंडी बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत दिसू लागतात. पांढरी, बारीक, एकमेकींना चिकटलेली. मग अळ्या. मग पिवळसर कोश, ज्यांना लोक अंडी समजतात. मिरगात धरलेल्या राणीच्या पहिल्या कामकरी साधारण महिना-दीड महिन्यात बाहेर येतात, कधी त्याहून उशीर लागतो. त्या अगदी लहान आणि भित्र्या असतात. घाबरू नका, पुढच्या खेपा मोठ्या निघतील.

राणी पकडली तेव्हा तिला पंख होते का? असतील तर तिचं मीलन झालं असेलच असं नाही. काही राण्या मीलनानंतरही पंख काही दिवस ठेवतात. काही मीलन न होताही मोडून टाकतात. म्हणून पंख हा शेवटचा पुरावा नव्हे. खरा पुरावा कामकरी पिल्लांचा. बिनमीलनाच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. आठवडे उलटले, अंडीच नाहीत, किंवा निघाले ते सगळे नरच, तर राणीला जिथून आणलं तिथे पावसाच्या दिवशी संध्याकाळी सोडून द्या. पुढच्या सरीला दुसरी शोधा.

कामकरी आल्या की खाऊ द्यायला सुरुवात करा. साखरपाण्याचा किंवा मधाचा एक बारीक थेंब, कागदाच्या कपट्यावर. आणि मारलेला डास किंवा माशी. फटक्याने मारलेली हवी, फवारा मारलेली नव्हे. अळ्यांना मांस लागतं, नुसत्या गोडावर त्या वाढत नाहीत. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका.

मुंग्या वाढल्या की नळी एका झाकणाच्या डब्यात उघडी ठेवा. डब्याच्या आतल्या कडेला वरच्या बाजूने खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे चढता येत नाही. झाकणाला बारीक जाळी लावा. मुंगळ्यांची वसाहत वर्षा-दोन वर्षांत शेकड्यांत जाऊ शकते. तेव्हा डबा मोठा करायची तयारी आधीच ठेवा.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेली नळी एका दुपारी संपते. माठाजवळची जमीन बरी, कूलरच्या झोतात नको. हिवाळ्यात उलटं होतं. आदिलाबादकडचा गारठा पडला की राणी अंडी घालणं कमी करते, सगळं संथ होतं. ती आजारी नाही. दिव्याखाली ऊब द्यायला जाऊ नका, संक्रांतीनंतर ती आपोआप सुधारते.

कुणी डसलं तर काय करायचं? पाण्याने धुवा, ओलं फडकं ठेवा, खाजवू नका, बोटातली अंगठी काढा. एवढ्याने भागतं. पण ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, दम लागला, चक्कर आली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा तडक दवाखाना गाठा. ज्या मुलाला मधमाशी चावून असा त्रास पूर्वी झाला आहे, त्याने हा छंद करू नये.

राण्या ऑनलाइन विकतही मिळतात. घेऊ नका. लांबच्या मुलखातली मुंगी आपल्याकडे निसटली तर ती कुणाचं काय बिघडवेल सांगता येत नाही. तमिळनाडूत दिंडुक्कल जिल्ह्यातल्या करंदमलै डोंगराच्या पायथ्याच्या गावांत २०२२ साली पिवळ्या "वेड्या" मुंग्यांनी गुरंढोरं हैराण केली, जनावरांच्या डोळ्यांना इजा झाली. ते कुणाच्या छंदातून झालं असं मी म्हणत नाही. पण नको त्या जागी मुंगी माजली की शेतकऱ्याला काय भोगावं लागतं, ते तिथल्या लोकांनी पाहिलं.

राण्या पकडून विकायची सोपी कमाई कुणी सुचवली तर त्यालाही नाही म्हणा. एप्रिल २०२५ मध्ये केनियात बेल्जियमची दोन तरुण मुलं सुमारे ५,००० राणी मुंग्यांसह पकडली गेली. कापसाचे बोळे लावलेल्या नळ्यांत मुंग्या भरून त्या परदेशी न्यायचा बेत होता. मे महिन्यात कोर्टाने प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड ठोठावला. न भरल्यास वर्षभराची कैद. आपल्याकडेही २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी माणसाला इथला जीव परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि त्याला तो पुरवणाराही अडकतो.

आणि वारुळाचं. राणी आत आहे हे माहीत असतं, म्हणून मुलं फावडं घेतात. मुंगळ्याचं बीळ खोल आणि वाकडंतिकडं असतं. राणी सगळ्यात आत. खणताना बहुतेक वेळा ती सापडतच नाही किंवा फावड्याखाली येते, आणि मागची शेकडो तोंडं उघड्यावर पडतात. पावसानंतर आपल्या ओट्यावर एक राणी आपण होऊन चालत येते, तेव्हा खणायची गरजच काय?

घर बदलायचं झालं, मूल शिकायला हैदराबादला किंवा नांदेडला गेलं, आवड सरली, तर वसाहत कुणा आवड असलेल्या शेजाऱ्याला द्या. तसा कुणी नसेल तर जिथून राणी आणली त्याच अंगणात सोडा. पावसाळ्यातली ढगाळ संध्याकाळ निवडा. नळी सावलीत, झाडाच्या मुळाशी आडवी ठेवा, तोंडाचा कापूस काढा आणि दगडाचा आडोसा करा. ओढून बाहेर काढू नका. जागा पसंत पडली की त्या रातोरात आपल्या पिल्लांसह हलतात. सकाळी नळी रिकामी दिसेल, ती धुऊन ठेवून द्या. काच फुटली तर अंगणात अनवाणी फिरणाऱ्याच्या पायात जाते.